उताण्या पिल्लाचा विश्वास

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते या कुक्कुटपालन केंद्राचे संचालकसाहेब, त्यांचे पुष्पगुच्छ मघापासून मांडीवर सांभाळणाऱ्या वहिनी, आणि समोर विलक्षण शिस्तीत बसलेल्या कर्मचारी बंधुभगिनींनो,

शेतीच्या साप्ताहिकाचा वार्ताहर म्हणून मी इथे वर्षानुवर्षं येतो. काल साहेबांचा फोन आला, 'उद्या माझ्याविषयी चार चांगले शब्द बोला.' साहेबांचा शब्द मोडणं माझ्या स्वभावात नाही. चार शोधून आणले आहेत. उंच, नीटनेटके, वक्तशीर आणि निवृत्त. यातला चौथा मला विशेष प्रिय आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

साहेबांचा सिद्धान्त तुम्ही सगळे रोज भिंतीवर वाचता. 'शांत पिल्लू म्हणजे विश्वासू पिल्लू.' कृतीही तुम्हाला पाठ आहे. वरून हात घालायचा, पिल्लू उचलायचं, तळहातावर उताणं करायचं आणि धरून ठेवायचं. ते जरा तडफडतं, मग पाय ताणून गप्प पडतं. साहेब म्हणतात, 'बघा, टाकला विश्वास.' आता मला सांगा, वरून झडप घालणारं पिल्लाच्या माहितीत कोण असतं? घार. घारीच्या नखांत सापडल्यावर जे सुचतं तेच ते बिचारं करतं, मेल्याचं सोंग घेतं. आमचे संस्कृतचे गुरुजी सांगत, ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो त्याच्यावरच विश्वास बसतो. साहेबांच्या हातातलं पिल्लू श्वास रोखून असतं. पण साहेबांचं संस्कृत कच्चं असावं. पक्ष्यांविषयी तर मी बोलतच नाही.

मागच्या महिन्यात बाहेरून पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. साहेबांनी पिल्लू उताणं केलं, ते निपचित पडलं, पाहुण्यांनी माना डोलावल्या. पिल्लांच्या खोलीच्या प्रमुख, आपल्या डॉक्टरबाई, मध्येच म्हणाल्या, "साहेब, ते घाबरलंय. छाती किती धडधडतेय बघा."

"बाई, तुमच्या आवाजाला घाबरलं असेल."

पाहुणे हसले. तुम्हीही हसलात, मी पाहत होतो.

"मग मला थोडा वेळ द्या."

"घ्या की. आम्ही चहाला जातो. पिल्लू अंगाखांद्यावर खेळायला लागलं की हाक मारा."

केंद्राच्या चहाशी माझी जुनी ओळख असल्यामुळे मी खोलीतच थांबलो. बाई तुसावर फतकल मारून बसल्या, पिल्लांकडे थेट न बघता, जरा कडेला वळून. तळहातावर थोडी कणी घेतली, हात जमिनीला टेकवला, आणि हलक्या आवाजात पिल्लांना घरच्या बातम्या सांगू लागल्या. नळ गळतोय, भाचीचा निकाल लागायचाय, नणंदेचं गुडघ्याचं दुखणं आहेच. पिल्लांना नणंदेत रस नव्हता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक आगाऊ पिल्लू आलं, नखावर चोच मारून पळालं. परत आलं. त्याच्या मागून दुसरं आलं. शेवटी ते पहिलं तळहातावर चढलं, बाईंच्या बाहीत चोच खुपसून डोळे मिटून बसलं आणि झोपेतच बारीक चिवचिवत राहिलं. बाईंनी बोटं मिटली नाहीत. सगळी विद्या तेवढीच, साहेब. बोटं मिटायची नाहीत.

तेवढ्यात चहा आटपून मंडळी आली. साहेबांची सावली दारातून पडली मात्र, बाहीतल्या त्या पिल्लासकट सगळी जमात कोपऱ्यात ढीग होऊन बसली. साहेब पाहुण्यांना म्हणाले, "पाहिलंत? मी आलो की अदबीनं बाजूला होतात."

वहिनी, तुम्ही हसलात. तुम्हाला बराच अनुभव असणार.

माणसांच्या बाबतीतही साहेबांनी आपली पद्धत बदलली नाही, हे त्यांचं सातत्य. गेल्या आठवड्यात बैठक झाली. निवृत्तीनंतर साहेबांनी पिल्लांच्या खोलीचे कायमचे सल्लागार म्हणून राहावं, असा ठराव खुद्द साहेबांनीच मांडला. "कुणाची हरकत?" तुम्ही सगळे पाय ताणून गप्प. "बघा, केवढा विश्वास!" डॉक्टरबाई तेवढ्या उठल्या. "माझी हरकत आहे. तुम्ही राहिलात, तर मी जाते." त्यावर साहेबांनी इतिवृत्तात लिहायला सांगितलं, "बाई वगळता सर्वानुमते."

तोच ठराव अध्यक्ष महोदय आता माझ्यानंतर शिक्कामोर्तबासाठी तुमच्यासमोर ठेवणार आहेत. बाई तिकडे दाराजवळ उभ्या आहेत. खांद्याला पिशवी आहे. त्या थांबणार की जाणार, हे तुमच्या पुढच्या दोन श्वासांवर आहे.

या केंद्रात येऊन मी एवढं शिकलो, की उपाशी पिल्लू ओरडतं, सुखातलं पिल्लू झोपेतही पुटपुटतं. अगदी गप्प असतं ते फक्त उताणं पिल्लू. आणि त्याचीही एक गंमत आहे. धरणारा हात जरा सैल झाला, की ते टुणकन उठून पायांवर उभं राहतं. साहेबांचा हात आज सायंकाळी कार्यालय सुटताना सैल होतो आहे. पिल्लांना जे कळतं ते तुम्हाला कळावं, अशी माझी माफक अपेक्षा आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, पाहुण्यांनी घड्याळाकडे चोरूनच पाहिलं, याबद्दल दोघांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर पदरात घ्यावं. जास्त झालं असेल तर ते साहेबांच्या खाती जमा करावं, त्यांनीच बोलावलं होतं. आता अध्यक्ष विचारतील, "कुणाची हरकत?" तेव्हा मित्रहो, एकच विनंती. मी आणलेल्या चार शब्दांपैकी चौथा खोटा पाडू नका.