आधी आई बसून बघेल

…अहो, उठताय कशाला, बसा की, मी सरकते. आणि आपली भाषा कळत नाही असं तोंड करू नका बरं का — मघाशी हातातली किल्ली पडली तेव्हा 'अगं बाई' कोण म्हणालं? त्या भिंतीवरच्या घड्याळानं म्हटलं का? माणूस चार देश फिरून आला तरी दचकतो आपल्याच भाषेत. सापडलात तुम्ही! आता तुमच्या गाडीचं तेल बदलून होईपर्यंत सुटका नाही. माझीही नाही म्हणा, कारण माझे चिरंजीव — ते बघा, त्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारातून आत डोकं खुपसलंय, नुसती पाठ दिसतेय — हातात टेप घेऊन मापं काढताहेत. पुलांचे आराखडे काढतो तो. कंपनीनं इकडं बोलावलं, म्हणून दोन महिन्यांपूर्वी सगळं बिऱ्हाड उचलून आलो. आता जुळ्यांची बाबागाडी डिकीत बसते की नाही, ते तिसऱ्यांदा मोजतोय. पुलाचं माप चुकलं तर साहेब बोलेल, हे चुकलं तर बायको बोलेल — कुठं जास्त नीट मोजायचं, ते बरोबर कळतं त्याला.

हो, जुळी. सातवा लागलाय सूनबाईला. ती काय, तिकडे खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर. घसरगुंडीपाशी आहेत ते आमचे दोघं, थोरली नात दहाची आणि नातू पाचाचा. म्हणजे ही दोन, येणारी दोन, आई-बाप आणि मी — सात डोकी. म्हणून आठ जणांची गाडी. मी म्हटलं, अरे, एवढं बोजड धूड कशाला, पोरं मांडीवर बसतील, तर म्हणतो, आई, इथे मांडी चालत नाही. मांडी चालत नाही म्हणजे काय हो? तान्ह्या बाळालासुद्धा वेगळी खुर्ची, त्याला वेगळा पट्टा, आणि मांडीवर घेतलं की पोलीस. आमच्या सासऱ्यांच्या जीपमध्ये आम्ही अकरा जण बसायचो. अकरा! ह्या माझ्या मुलाला तर वयाच्या सहा वर्षांपर्यंत गाडीची गादी कशाची असते तेच ठाऊक नव्हतं, कायम कुणाच्या तरी मांडीवर. आज तोच मला नियम शिकवतोय. शिकव बाबा. जिवाचं बरं असतं ते, कळतं मला. पण मांडीला असं एकदम रिटायर केलेलं आवडलं नाही मला.

तर मी इथे बाकावर का, असं विचारताय ना? नाही विचारलंत? मग विचारायला हवं होतं. अहो, मी परीक्षक आहे! हसू नका, खरंच. आमच्या घराण्यात रीत आहे, सासऱ्यांनी जीप घेतली तेव्हापासूनची — गाडी कुणीही घेऊ दे, पैसे कुणाचेही असू देत, आधी घरातलं थोरलं माणूस त्यात बसणार. डोळे मिटायचे, मनात वीस आकडे मोजायचे, आणि मग सांगायचं — 'बसले' नाहीतर 'नाही बसले'. कारण सांगायची सक्ती नाही. 'नाही बसले' म्हटलं की विषय संपला, गाडी परत. सासरे तर दुकानदारासमोर म्हणायचे, यंत्राचं मिस्त्री बघेल, मनाचं आई बघेल. तेव्हा त्यांची आई बसायची. मग सासूबाई बसल्या. आता मी. बाकी इकडे आल्यापासून मला विचारतं कोण? शाळा कोणती, घर कोणतं, पलंग कुठे, सगळं फोनवर बघून ठरतं. मला नुसतं दाखवतात — 'आई, छान आहे ना?' ह्याला विचारणं नाही म्हणत, ह्याला कळवणं म्हणतात. पण गाडीची वेळ आली आणि मुलगा आपणहून म्हणाला, 'आधी आई बसून बघेल.' साता समुद्रापलीकडे येऊन एवढी एक रीत त्यानं सोडली नाही हो. आणि मी काय केलं त्या रीतीचं…

काय नाही, काय नाही. सहा जुन्या, वापरलेल्या गाड्या नापास केल्या. हो, सहा. ही सातवी. तो गाड्या विकणारा टायवाला पोरगा मला बघून उगाच घाम नाही पुसत! पहिलीला खरोखर कुत्र्याचा वास येत होता, देवाशपथ, त्यांनी वर अत्तर मारलं होतं, म्हणजे कुत्रा लग्नाला निघाल्यासारखा वास. दुसरीची पायरी उंच. तिसरीत मान अवघडली. चौथी आतून काळी, बसल्या बसल्या दुपारची संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं. पाचवीची मागची खिडकी… असं काय बघताय? तुम्ही सासू आहात की नाही? असणारच, हे बघणं सासूचंच आहे. बरं, नव्हती उंच पायरी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्टमध्ये मला कोंडल्यासारखं होतं म्हणून मी रोज दोनदा जिना चढते, मला काय होतंय पायरीनं. मानही नाही अवघडली. वीससुद्धा नाही मोजले. सात-आठ मोजायचे, डोळे उघडायचे, चेहरा पाडायचा — नाही बसले.

का म्हणजे? गाडी नाही, म्हणून आम्ही बसनं जातो, हे त्याचं कारण. आता तुम्हाला वाटेल, म्हातारीचं डोकं फिरलंय. ऐका तर. इथली बस — तुम्हाला मेली सवय असेल, तुम्ही कधी नीट पाहिलंही नसेल — थांब्यावर आली की माझ्या बाजूला झुकते. फुस्स करते आणि सबंध बस खाली वाकते, मला पाय टाकता यावा म्हणून. पन्नास वर्षं संसार केला, आमच्या ह्यांच्यासकट एकही माणूस माझ्यासमोर कधी वाकला नाही, आणि ही एवढी थोरली बस वाकते! पहिल्यांदा मी घाबरून मागे सरले. दुसऱ्यांदा म्हटलं, राहू दे, राहू दे, सुखी राहा. ड्रायव्हरला वाटलं मी त्यालाच काहीतरी म्हणतेय, त्यानं हात केला. आता रोज करतो. थोरली मला थांब्यांची नावं म्हणून घेते, घरापासून बाजारापर्यंत सतरा थांबे, एक चुकलं की पहिल्यापासून. आणि नातू माझ्या मांडीवर. हो, बसमध्ये मांडी चालते! बघा आता.

पण ते नाही. ते सांगत नव्हते मी. आमचा मुलगा — सोळाव्या वर्षी शिकायला बाहेर पडला, तेव्हापासून माझ्याशी बोलला ते एवढंच, 'जेवलीस का, औषध घेतलंस का, ठेवतो.' वीस-बावीस वर्षं! मीही म्हणत होते, असतात मुलगे असेच. आणि इथे आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी बाजार करून थांब्यावर उभे होतो, दोघांच्या हातात दोन-दोन पिशव्या, बसला वेळ, सूनबाई आणि मुलं बाकावर. बाक तिघांचाच असतो, म्हणून आम्ही दोघं उभे. काही कारण नाही, काही नाही, हा समोर बघत म्हणाला, 'आई, मला ऑफिसात लोक काय बोलतात ते भराभर कळत नाही. सगळे हसले की मी हसतो. एवढा शिकलो, आणि नुसती मान हलवून येतो.' मी म्हटलं, 'मीही लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर मानच हलवत होते. पुढे सगळे माझ्या मानेकडे बघून वागायला लागले.' हसला. अहो, मोठ्यानं हसला. तेवढ्यात बस आली. पण त्यानंतर दर शनिवारी त्या खांबाशी उभं राहिलं की तो काहीतरी सांगतो. घरात नाही, हं. घरात आला की पुन्हा फोन आणि 'औषध घेतलंस का.' फक्त थांब्यावर. आता गाडी आली की काय होईल, मला कळत नाही का? हा पुढे, नजर रस्त्यावर. मी तिसऱ्या रांगेत, गाठोड्यासारखी. आणि त्याच्याशी बोलणार कोण, तर ती गाडीतली बाई — 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा'! ती म्हणेल तसा वळणार, तिला उलट उत्तर नाही. आईपेक्षा तिचं ऐकतात सगळे.

म्हणून. सहा गाड्या. पोटच्या पोराला फसवलं मी, त्यानं जपलेल्या रीतीचाच आडोसा घेऊन. आणि तो एवढा सरळ की 'आई नाही बसली' म्हटल्यावर एका शब्दानं वाद घातला नाही, नुसती फोनमधल्या यादीवर काट.

आले रे, आले! पाच मिनिटं थांब, ह्या ताईंना काहीतरी महत्त्वाचं विचारायचंय! — विचारायचं काही नाही, थोडा श्वास घेते. कारण पुढचं सांगितलं नाही तुम्हाला. मंगळवारी दवाखान्यातून येताना बस भरलेली होती. मी, सूनबाई, दोघीच. कुणी उठलं नाही असं नाही, एक मुलगी उठली, तर सूनबाईनं मला बसवलं. मी बसले. मी बसले हो! वाटलं, पाचच थांबे आहेत. उतरलो आणि ती चार पावलं चालून रस्त्याच्या कडेला, त्या दगडी कठड्यावर मटकन बसली. तोंड पांढरं, ओठ पांढरे. मी पदरानं वारा घालतेय, पाणी पाजतेय, मनात एकच — सहा गाड्या, सहा गाड्या. दहा मिनिटांनी तिला रंग आला. आमचं दोघींचं फार गुळपीठ आहे असं नाही, हं. तिला माझं जिन्यानं जाणं पटत नाही, मला तिचं कपाट लावणं पटत नाही. पण तिनं माझा हात धरला आणि काय म्हणावं? म्हणाली, 'आई, मलाही बस आवडते हो. पण आता पाय साथ देत नाहीत.'

एवढंच. म्हणजे तिला ठाऊक होतं! पहिल्यापासून. कुत्र्याच्या वासाची सोडली तर पाचही वेळा तिथे शेजारी उभी होती, माझं सात-आठपर्यंतचं मोजणं बघत होती, आणि नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. तो चारचौघांत शनिवारी हसतो, ते तीही बघत होती ना बाकावरून. मी समजत होते की मी सासू आहे. सासूगिरी शिकावी तर हिच्याकडून.

तेव्हा आज 'बसले' म्हणायचंय. ठरवून आलेय घरून. गाडी कसली का असेना. आणि नेमकी ही सातवी — सांगू का — बघितल्याबरोबर आवडली नाही. खरीखुरी. पांढरी फटक, फ्रिज आडवा घातल्यासारखी. आता खरं सांगायची सोय राहिली नाही, एवढ्या वेळा खोटं बोलून ठेवलं. चांगली अद्दल घडली, नाही?

तुमची कोणती हो गाडी? ती? ती आत्ता बाहेर काढली ती निळी? अगं बाई, ही तर आमच्या ह्या गाडीहून मोठी. किती जण… आणि आलात एकट्याच? मग बाकीचे… असं. तिन्ही मुलं. दुसऱ्या गावांना. असं होय… नाही, नाही, मी काही म्हणत नाहीये. मी म्हणते, एवढी मोठी गाडी म्हणजे… सामान छान राहत असेल मागे.

तुमचा थांबा कुठला? गाडी असली तरी घराजवळ थांबा असेलच की. नाव सांगा नुसतं… अहो, म्हणजे आमच्या सतरातला अकरावा! बारा नंबरची बस. हे बघा, मी एक अट घालणार आहे. गाडीत बसते, पण शनिवारचा बाजार बसनंच, मी आणि मुलगा. सूनबाई पाय वर करून घरी बसेल, मुलांना सांभाळेल ती आणि तिची ती फ्रिजगाडी. आणि मंगळवारी मी एकटी उगाच फेरी मारणार आहे, सतरा थांबे पाठ झालेत ते वाया कशाला घालवा? दहा वाजून दहाला तुमच्याकडे येते बस. चढा. माझ्या शेजारची जागा मी पिशवी ठेवून धरून ठेवते. ही निळी राहू दे घरी, एक दिवस उन्हात उभी राहील, काय बिघडत नाही.

हो रे बाबा, आले! हात द्या जरा, गुडघा — ह्या वेळी खरा हं. तुमचंही नाव पुकारताहेत बहुतेक, ती काउंटरवरची मुलगी कधीची बघतेय इकडे. जा. की येताय दोन पावलं? या, बघा परीक्षा कशी असते ती. सरक रे टायवाल्या दादा. ही पायरी… नाही, बरी आहे. चढले की. कोणती जागा, मागची? पुढची? पुढची कशी माझी, सूनबाईची… तिनंच सांगितलं? 'आईंना पुढे, त्याच्या शेजारी'? ती म्हणाली असं?

बरं. बरं. लाव दार.

— ताई, खिडकीशी उभ्या राहून बोलू नका हो आता, किती बोलता तुम्ही. डोळे मिटलेत मी. ह्या वेळी वीसही मोजायचेत.