सात नंबरच्या गाडीचे मोल

नाव उमाजी सखाराम खलाटे, वय ५४ वर्षे, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, पूर्वी ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत डाक-स्वार, राहणार मुरार, सदर बाजाराच्या मागे. आज सोमवार, ता. १९ नोव्हेंबर १९५६ रोजी सकाळी साडेअकरा वाजता ठाण्यावर समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो ते असे.

मला हिंदी येते. पण ठाण्याचे मोहरीर कृष्णराव, जे हे लिहून घेत आहेत, ते मराठी बोलणारे निघाले, म्हणून जबाब मराठीत देत आहे. हिंदी नक्कल ते मागाहून जोडणार आहेत.

फिर्यादी भालचंद्र विनायक पुरंदरे, राहणार दाना ओळी, हे सचिवालयात वरिष्ठ कारकून आहेत. मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला आणि त्यांचे दफ्तर भोपाळला हलले. येत्या शुक्रवारी ते बिऱ्हाड घेऊन जाणार. त्यांच्याकडे सन १९३१ची विलायती मोटारसायकल आहे. १९५१ साली फौजेचा भंगार माल लिलावात निघाला, त्यात त्यांनी ती नव्वद रुपयांना घेतली होती. तेव्हा तिला टाकी नव्हती, मागचे चाक नव्हते, आणि इंजिनात चिमणीने घरटे केले होते. पाच वर्षे खपून त्यांनी ती उभी केली. कारकून माणसाने एवढे केले हे पाहून मी मनातल्या मनात त्यांना सलाम केला होता. तोंडाने बोललो नाही, कारण ते आधीच बरेच फुशारतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भालचंद्रराव माझ्या दुकानी आले व म्हणाले, “उमाजीराव, गाडीचं खरं मोल सांगा. तुमच्या शब्दावर गिऱ्हाईक डोळे मिटून पैसे देतं.” मी होय म्हटले. त्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन गाडी पाहिली.

गाडी आमच्या डाक-तुकडीतली सात नंबरची होती. ती मी अकरा वर्षे चालवली. उजव्या बाजूचे पाय ठेवायचे लोखंड वाकलेले आहे. ते ४३ साली शिवपुरीच्या वाटेवर मोहन्याच्या पुलावर म्हैस आडवी आली तेव्हा माझ्याच हातून वाकले. भालचंद्ररावांनी सगळी गाडी सरळ केली, पण तेवढे लोखंड त्यांना बधले नाही. ते पाहून मी खाली बसलो आणि त्या वाकावर हात ठेवला. विमलबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पाणी आणून दिले.

आमच्या तुकडीचा एक नियम होता, तो येथे सांगणे जरूर आहे. ज्याने एखाद्या वस्तूचे मोल सांगितले, त्याने ती वस्तू घ्यायची नाही, कोणाच्या नावावरही नाही. १९५१च्या लिलावात भंगाराचे मोल ठरवायला साहेबांनी मलाच बसवले होते. सात नंबरचे मोल ऐंशी रुपये, असे मीच माझ्या हाताने लिहिले आणि बोली लावणाऱ्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. कृष्णराव विचारतात, फौज मोडली तिथे नियम कसला? त्यांना मी सांगितले की फौज मोडली, मी मोडलो नाही.

तो धरून सहा रविवार मी गाडी तपासायला गेलो. खरे तर एक पुरे होता. टाकी नवी, पण जाड पत्र्याची आणि चांगली. मागचे चाक दुसऱ्या गाडीचे, त्याचे मोल कमी धरावे लागते. पितळी टोप्या तांबटाकडून घडवलेल्या, दिसायला सुंदर, पण अस्सल नव्हेत. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा नंबर मूळचाच, हा मोठा गुण. थंड इंजिन तिसऱ्या लाथेला चालू होते. रंग काळा चकचकीत आहे. गिऱ्हाईक रंगावर भाळते, मी रंगाला एक पैसा धरत नाही. एवढे सगळे पहिल्या रविवारी कळले होते. उरलेले पाच रविवार मी उगाच गेलो. चहा पिऊन गाडीपाशी बसायचो. भालचंद्रराव मोल विचारायचे, मी म्हणायचो, अजून पाहू द्या.

सहाव्या रविवारी ते घरात नव्हते. विमलबाई म्हणाल्या, “उमाजीराव, तुम्हीच घेऊन टाका न गाडी. यांना मी समजावते. तुमच्यापाशी जितके असतील तितके द्या. मोल-बिल काही बोलूच नका.” माझ्यापाशी सहाशे रुपये आहेत. फौज मोडली तेव्हा एकरकमी मिळाले, त्यातले उरलेले. बाई मनाने मोठी आहे, हेही जबाबात असावे. विचार करून सांगतो म्हटले. घरी गेलो आणि आठ दिवस मला दुसरे काही सुचले नाही. मोल सांगितले नाही तोवर गाडी माझी होऊ शकत होती. पण मोल सांगतो असा शब्द मी आधीच देऊन बसलो होतो.

काल रविवारी, ता. १८ रोजी, सकाळी सात वाजता मी दाना ओळीत गेलो व भालचंद्ररावांस म्हणालो की एक फेरी मारून मोल सांगतो. ते म्हणाले, “जरूर. पाचला गिऱ्हाईक येतंय, तोवर आणा.” फेरी कुठवर, हे त्यांनी विचारले नाही व मी सांगितले नाही. तेवढा दोष माझा आहे.

आमच्याकडे दुरुस्त झालेली गाडी बाड्याच्या चौकाभोवती फिरवून पास करत नसत. तिने एक पुरी डाक मारावी लागे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून निघून शिवपुरी, तिथल्या कचेरीच्या पहारेकऱ्याची डाकचिठ्ठीवर सही, आणि परत. उन्हाळ्यात संस्थानच्या कचेऱ्या शिवपुरीला असत तेव्हा ही वाट मी दर आठवड्याला दोनदा करत असे. माझ्याकडे जुने चिठ्ठीबुक आहे. त्यातली एक चिठ्ठी भरली. गाडी नंबर सात, स्वार उमाजी, निघाली सात दहा. पदरच्या पैशाने दोन गॅलन पेट्रोल घातले.

मी असे ठरवले होते की वाटेत गाडीने दगा दिला तर ती सहाशेचीच आहे, मग विमलबाईंना होय म्हणायला हरकत नाही. पणिहारच्या चढावर ती धापा टाकील अशी मला आशा होती. टाकली नाही. मोहन्याच्या पुलावर मी सवयीने हळू झालो. म्हैस नव्हती. तिथून पुढे मी गाडी तपासत होतो असे म्हणता येणार नाही, मी नुसता जात होतो. सव्वादहाला शिवपुरीत पोहोचलो.

कचेरीला कुलूप होते. आवारात दुर्गा नावाची एक बाई गोवऱ्या थापत होती. तिला मी विचारले, पहारेकरी कुठे आहे? ती म्हणाली, “काहे का पहरेदार? दफ्तर तो कब का उठ गया, बाबूजी. सुनते हैं अब सब भोपाल में है।” मी म्हटले, मला फक्त एक सही पाहिजे. ती हसली व कामाला लागली. सही मिळाल्याशिवाय स्वाराने परत फिरायचे नाही, असा नियम होता. मी पायरीवर बसलो. कोणी येणार नाही हे मला माहीत होते. तरी त्या पायरीवर सात नंबरशेजारी बसून कोणाची तरी वाट पाहणे मला फार बरे वाटले. अकरा वर्षांत जे बोलायचे राहिले ते सगळे मी त्या गाडीशी बोललो. कृष्णराव म्हणतात, हे लिहायची गरज नाही. मी म्हटले, लिहा.

ऊन उतरले तेव्हा भानावर आलो. गाडीला दिवा आहे, पण आत बॅटरी नाही, त्यामुळे अंधारात निघता आले नाही. दुर्गाबाईच्या ओसरीवर झोपलो. गाडीखाली कागद अंथरला होता, सकाळी त्यावर तेलाचे दोनच थेंब होते. प्लगची तार सैल झालेली दिसली. तशीच ठेवली असती तर घाटीगावच्या पुढे गाडी बंद पडली असती आणि मोल आपोआप उतरले असते. मी ती घट्ट केली.

आज साडेदहाला दाना ओळीत आलो. दारात शिपाई बसला होता. गिऱ्हाईक काल हात हलवत परत गेले व भालचंद्ररावांनी चोरीची फिर्याद दिली, हे तेव्हा कळले. ते मला म्हणाले, “तुमच्याकडून ही उम्मीद नव्हती.” त्यांचे चुकले नाही.  गाडी मी स्वतः चालवत ठाण्यावर आणली. शिपाई मागे बसला होता.

माझा इरादा चोरीचा नव्हता. गाडी मला हवी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत व दोन्ही लिहाव्यात.

डाकचिठ्ठीवर पोहोच घेणाऱ्याची जागा कोरी आहे. मी कृष्णरावांना विनंती केली की तुम्ही सरकारी माणूस आहात, तुम्ही सही करा, म्हणजे गाडी रीतीने पास होईल. त्यांनी घड्याळ पाहून चिठ्ठीवर वेळ लिहिली व सही केली. चिठ्ठी सोबत जोडली आहे.

गाडी पास झाली, तेव्हा आता मोल सांगतो. रुपये साडेनऊशे. त्याखाली देऊ नये. मोल मी सांगितले आहे, म्हणून ती घेणार मी नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात कृष्णरावांनी साडेनऊशेच्या जागी सहाशे लिहिले होते, आणि ते चुकून नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिले, ते खिडकीबाहेर पाहू लागले. तो आकडा खोडून साडेनऊशे करून घेतला आहे व खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे.