चार लिटर गोड पाणी

पाणी तपासणीच्या खिडकीपाशी एक वयस्कर जोडपं माझ्यापुढे होतं. त्यांच्या हातात नुकताच अहवाल पडला होता.

"वाचा की मोठ्यानं."

"क्षार नाहीत, जंतू नाहीत. पिण्यास योग्य."

"म्हणजे तुमच्या त्या काचेच्या पेटीनं खरंच काम केलं!"

"जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या मी. उन्हानं विहिरीच्या खाऱ्या पाण्याची वाफ होते, काचेला लागून थेंब धरते आणि बाटलीत उतरते. मीठ राहतं खाली."

"मग आता सूनबाईला फोन करा."

"तू कर ना."

"विहिरीच्या पाण्यानं नातीचं पोट बिघडलं, तेव्हा 'सुनेचे नखरे' कोण म्हणालं होतं? मी?"

"बरं, करतो. पण दिवसाला चारच लिटर निघतं गं."

"मुलगा, सून, नात परत आले, तर त्या तिघांच्या पिण्यापुरतं होईल."

"आणि आपण?"

"आपण विहिरीचंच उकळून पिऊ. इतकी वर्षं काय अमृत पीत होतो?"

आजोबांनी नंबर लावला आणि जरा बाजूला सरकले.

"हॅलो, मी बोलतोय. नाही, नाही, आम्ही बरे आहोत. पोरी, तेव्हा माझंच चुकलं. आता पाणी गोड झालंय. या तुम्ही."