पिंजऱ्यातली करडी खार

(इंदूर, सुदामानगर. दुपारचा चहा. फोन टेबलावर, स्पीकर चालू. पलीकडे उत्तर इंग्लंडातल्या एका खेड्यातून मुलगी.)

बेबी : म्हणजे मारणार तिला? मिताली, खरं सांग.

मिताली : मी नाही मारणार, आई. मी पिंजरा लावला, आता फक्त कळवायचं. तांबड्या खारी वाचवणारा गावाचा ग्रुप आहे ना, त्यातले जॉर्ज अंकल येतात, ते करतात. एका सेकंदात. तिला समजत पण नाही.

बेबी : तिला विचारलं कोणी, समजतं का नाही ते?

चिंतामण : अगं, तिला बोलू दे. बेटा, ती करडीच आहे ना? तांबडी नाही? नीट बघितलंस?

मिताली : करडीच आहे, बाबा. आपल्या अंगणातल्या खारीच्या दुप्पट. सगळे दाणे खाऊन टाकले आणि आता माझ्याकडे बघत बसलीये.

बेबी : दार उघड, जाऊ दे. मामला खतम.

मिताली : नाही ना सोडता येत! एकदा पकडली की सोडणं गुन्हा आहे इथे.

चिंतामण : गुन्हा? खारीला सोडणं?

मिताली : करडीला. या इथल्या नाहीतच. जुन्या काळी कोणीतरी शौक म्हणून अमेरिकेतून आणल्या. त्यांच्या अंगात एक रोग असतो, त्यांना स्वतःला काही होत नाही, पण तांबडीला लागला की ती मरते. मागच्या थंडीत पायरीवर सापडली होती ना मला एक? डोळे चिकटलेले?

बेबी : हो. टॉवेलात घेऊन गेली होतीस डॉक्टरकडे.

मिताली : पोचेपर्यंत गेली ती. म्हणून तर ग्रुपमध्ये गेले मी. पोस्टातली बाई, शाळेतल्या टीचर, आख्खं गाव आहे त्यात. वरच्या जंगलात आता थोड्याच तांबड्या उरल्यात, बाबा.

चिंतामण : हं. कठीण आहे.

बेबी : कठीण काय त्यात? मुकं जनावर आहे.

चिंतामण : तू बोलतेस? पापडांवर आली खार की चप्पल भिरकावतेस.

बेबी : भिरकावते. नेम नाही धरत.

मिताली : बाबा, सांगा ना, काय करू?

चिंतामण : मी? मला यातलं काय कळतं, बेटा? संध्याकाळी लायब्ररीत जातो, एखादं पुस्तक बघून...

बेबी : संध्याकाळपर्यंत काय ती पिंजऱ्यात बसून राहणार? पुस्तक बघतात म्हणे!

मिताली : मला काय वाटतंय माहितीये? या गावात मीच बाहेरची. आणि बाहेरचीला मीच पकडून देतेय.

चिंतामण : तसं तर आपणही. होळकरांच्या फौजेबरोबर आपले पणजोबा, म्हणजे त्यांचेही आजोबा...

बेबी : अहो, ती खारीचं विचारतेय. तुम्ही खानदान कुठे काढलंत?

चिंतामण : नाही, मी म्हणत होतो की ती तुलना इथे लागू नाही. म्हणजे नसावी. माणसाचं वेगळं असतं. नक्की कसं वेगळं ते मात्र मला आत्ता सांगता येत नाहीये.

मिताली : बाबा!

चिंतामण : हो, हो. थांब. तू सोडलीस तर ती कुठे जाईल?

मिताली : वर, जंगलात.

चिंतामण : तांबड्या आहेत तिथेच?

मिताली : तिथेच.

चिंतामण : आणि हिला तर रोगाचं काही माहीतही नाही.

मिताली : नाही.

चिंतामण : मग मला वाटतं... नाही, राहू दे.

बेबी : बोला ना हो! जन्मभर अर्धंच बोलत आलात.

चिंतामण : मग बोलाव त्यांना. माझं चुकत असेल, बेटा. पण बोलाव.

बेबी : देवा रे.

मिताली : केला मेसेज. निघाले म्हणतात. कोपऱ्यावरच घर आहे.

बेबी : मिताली, पिंजऱ्यावर काही झाक. घाबरली असेल.

मिताली : चादर टाकली, आई. आता हलत नाहीये.

चिंतामण : बेबी, तू तरी सांग. बरोबर बोललो का मी?

बेबी : मला नका विचारू. मी तर सोडली असती. आणि मग मागच्या थंडीतल्यासारखी ही रडली असती, तर तुमच्यावरच चिडले असते.

मिताली : आले ते. फाटक उघडतायत. मला म्हणतायत, तुम्ही आत जा.

चिंतामण : जा मग, बेटा.

मिताली : नाही. मी थांबते इथेच.

चिंतामण : फोन ठेवू का आम्ही?

मिताली : नको. बोलू नका काही. फक्त राहा लाइनवर.

बेबी : बाहेर गारठा असेल गं. अंगावर काही घे.