जंतू सापडला न्हाय

—म्हंजे आमच्या शिवप्रियाला मेंदूज्वर झालाच न्हाय म्हणा की! बरं झालं म्याडम, तुमी धाराशिवहून एवढं लांब जळकोटला मेंदूज्वराची पोरं मोजायला आलात, न्हायतर आमी उगंच झाला म्हणून बसलो असतो. बसा त्या टायरवर, बसा. पंक्चरचं दुकान आमचं, खुर्ची कुठली.

काय म्हणलात — पाठीतल्या पाण्यात जंतू सापडला तरच मेंदूज्वर धरायचा? व्हय का! आता बघा, वरसाची पोर, तापानं फणफणलेली. इथल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. ताप उतरंना, परत दिलं. मग मान ताठ झाली, डोळं पांढरं केलं तिनं. तसंच उचलून उमरग्याला — ते म्हणले सोलापूरला न्या. मग काय, आमच्याच दुकानापुढनं उलटं सोलापूरला! तिथं काढलं पाणी. डॉक्टर म्हणला, "शिवानंद, आधीच्या औषधानं जंतू मेले असतील, आता तपासणीत काय दिसणार?" लई शहाणे जंतू बघा, मोजणारे यायच्या आत पसार! जाताना पोरीचे कान तेवढे घेऊन गेले.

व्हय, काईच ऐकू येत न्हाय. मजेत हाय एकदम — हायवेला ट्रक बोंबलत जात्यात, ही आपली झोपलेली. तिची आई, दैवशाला, अजून हाका मारती. मी म्हणतो, कशाला घसा फोडतीस? मी न्हाय असलं काय करत. मी आपलं — दैवशाला आत गेली की पोरीच्या मागं उभा राहतो अन् पाना आपटतो लोखंडावर. रोज. परवा तर वळली म्याडम! मान वळवून बघितलं! — न्हाय, कुत्रं चाललं होतं तिकडनं. कुत्र्याकडं बघितलं तिनं.

डोळं पुसू नका, धूळच लई हाय इथं. काय, 'संशयित' लिवता? लिवा की. पोरगी पुरी बहिरी, दुखणं तेवढं संशयित! वर सांगा, जळकोटात मेंदूज्वर न्हाय म्हणून. वरच्यास्नी बरं वाटंल.

आता कुणाकडं, बानूबाईकडं? त्यांचा नातू असाच तापला अन् सोलापूरच्या वाटंवरच गेला — त्याच्या पाठीतलं पाणी कोण काढणार? त्यो तर संशयितबी न्हाय तुमच्यात. नका जाऊ म्याडम. म्हातारी च्या करून पाजंल अन् विचारंल, 'कशानं गेला गं बाई माझा?' काय सांगशीला?

चला, उठा. गिऱ्हाईक आलंय, टायर लागतंय मला.