तीन मिनिटांची सोय

— नाही नाही, सिस्टर, तो खाली ठेवा, तो तुमच्यासाठी नाही. दिसायला छान आहे, मान्य, पण पहिला रेडिओ दिसण्यावर घ्यायचा नसतो. त्या यादीत काय लिहून आणलंय? किती लांब पोचतो, बॅटरी किती तास टिकते, पाण्यात पडला तर काय — सगळं बरोबर आहे आणि सगळं नंतरचं आहे. मला विचाराल तर — विचारू नका म्हणा, चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि अजून दार लावलंय की नाही ते तीनदा उठून बघतो — पण विचाराल तर एकच गोष्ट बघा. बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं, तर तीन मिनिटांनी संच आपणहून गप्प होतो का? ती सोय चालू आहे की बंद? बस, एवढंच. अहो, उठताय कशाला? ड्यूटी दुपारची आहे म्हणालात ना? चहा टाकतो. नको? बरं, पण बसा. खुर्ची तिकडे घ्या, खिडकीपाशी. पडदा राहू दे तसाच.

एवढं काय त्या बटणाचं? सांगतो. तुम्ही आत्ताच हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा पास झालात, पुस्तक तोंडपाठ असेल: दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, दोन्ही एकदम होत नाही. आता समजा माइकवर काहीतरी जड पडलं आणि बटण दाबलेलं राहिलं. तुम्हाला काही ऐकू येणार नाही. वाटेल, आज सगळे गप्प आहेत. आणि तिकडे त्या चॅनलवर कुणालाच कुणाचं ऐकू येणार नाही, कारण टेकडीवरचं आमचं यंत्र, सगळ्यांचे आवाज पुढे पाठवणारं, ते तुमच्या खोलीतली शांतता पुढे पाठवत बसेल. तासन्‌तास. त्यानं माणसं मरतात, सिस्टर. हसू नका.

सात वर्षं झाली. नदी गावात शिरली, फोन बंद, वीज बंद, आणि आम्ही नऊ हौशी माणसं रेडिओवरून बोटींना वाट दाखवत होतो — कुठल्या छपरावर कोण अडकलंय, कुठल्या गल्लीत ओढ जास्त आहे. मी मधे बसून सगळ्यांना आवरायचो. सर म्हणायचे मला. दुपारी दोनच्या सुमाराला कोणीतरी चॅनलवर येऊन बसलं. बोलत नाही, काही नाही, नुसती घुमी शांतता, मधेच एखादा खोकला. आम्ही विनवलं, ओरडलो, आईबहिणीवरून शिव्या घातल्या — मीसुद्धा — पण ढिम्म. दुसऱ्या चॅनलवर जायचं ना, म्हणाल. जायचं, पण बोटीतल्यांना ते कळवायचं कसं? एक बोट सरळ पुलाखाली गेली. तिला वळवायला मी घसा फाडत होतो. चार माणसं. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो तर पुलाच्या लोखंडात हात अडकलेला होता एक, कोपरापासून, बांगडीसकट. बाकीची बाई नव्हती.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी पुलावरचा पोलीस धावत सांगायला आला आणि आमच्यातला वेल्डर उठला. माझाच शिष्य — शिक्षण सातवी, पण अँटेना असा बनवायचा की मला माझ्या पदव्यांची लाज वाटावी. खोडसाळ माणूस शोधायला त्याने एक अँटेना केला होता, नळाच्या पाईपला ॲल्युमिनियमच्या काड्या. ज्या दिशेला धरल्यावर हातातल्या संचावरचा काटा चढेल, तिकडे तो चोर. निघालो दोघं, मांडीपर्यंत पाण्यातून. काटा एका तीन मजली इमारतीसमोर जाऊन थरथरायला लागला. वेल्डर वर गेला. मी खाली थांबलो. कोर्टातही हेच सांगितलं मी, आणि न्यायाधीश म्हणाले, बसून सांगा सर.

वर कोण निघालं? एक शिंपी! गळ्यात टेप, कॉलरला टाचण्या खोचलेल्या. चार दिवसांपूर्वी आयुष्यातला पहिला रेडिओ घेतला होता, मदतीला नाव दिलं होतं, आणि आपल्याला कोणी बोलावेल म्हणून सकाळपासून टेबलाशी बसून होता. वही उघडलेली, रकाने आखलेले — वेळ, कोण, निरोप — दोनपर्यंत भरलेले, पुढे कोरे. माइक वहीखाली, वहीवर ती शिंप्यांची जड कात्री. दार त्यानेच उघडलं, हसत. म्हणाला, ‘या या! अहो, दुपारपासून कोणी बोलतच नाही, सगळे सुखरूप आहेत ना?’ हिरवट घारे डोळे होते, उजव्या भुवईवर —

असं काय बघताय? — हो. खाली थांबलो म्हणालो मी.

वेल्डरने एक थोबाडीत मारली. ‘भडव्या, माणसं मारलीस,’ म्हणाला. एकच मारली, सिस्टर. मग त्याला संचावरचा लाल दिवा दिसला. त्याने कात्री उचलली, दिवा विझला. म्हणजे तोपर्यंतचं सगळं चॅनलवर गेलं होतं — शिवी, थोबाडीत, वेल्डरचा आवाज — आणि पुढचं काहीच गेलं नाही. कळतंय ना? वेल्डर म्हणाला, ‘सर, नवा आहे हा, याला कळलंच नाही.’ शिंप्याने गाल धरून माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला हो. ‘सर! तुम्हीच दिलेला संच ना हा? काही चुकलं का माझं?’

मीच विकला होता. याच टेबलावरून. आणि ती तीन मिनिटांची सोय मीच बंद करून ठेवली होती, कारण वर्गात बोलायची सवय, तीन मिनिटांत माझं वाक्य संपत नाही — आणि देताना चालू करायची राहिली. पुलाखालची चार माणसं कुणाच्या नावावर, ते मला तिथे, उंबऱ्यात, कळलं. मग मी अँटेनाचा तो पाईप उचलला. लोकांना वाटतं, राग आला की माणूस मारतो. मला राग नव्हता. त्याने ते वाक्य पुन्हा बोलू नये, एवढंच. पहिला तोंडावर घातला — दात शर्टाच्या गुंड्यांसारखे घरंगळले — दुसरा कानामागे, तिथे आवाज वेगळा येतो, ओला. तो शिलाई मशीनच्या पायडलवर पडला, आणि मशीन थोडं चाललं, टक टक टक, नुसत्या हवेत शिवत. मग मी मोजले नाहीत. काड्या तुटून त्याच्या गालात घुसल्या होत्या. वेल्डरने मला कमरेला धरून मागे ओढलं. रडत होता तो. मी नव्हतो रडत.

शिंपी आठव्या दिवशी गेला, शुद्धीवर न येता. मी रोज जायचो चौकशीला, तुमच्यासारख्याच एका सिस्टरला विचारायचो, बोलला का काही? तिला वाटायचं, किती माया आहे म्हाताऱ्याला. वेल्डरने कोर्टात खरं सांगितलं — एकदाच. वकील म्हणाला, दम्याचे हे म्हातारे प्राध्यापक मारणार? लोक हसले. पाईप त्याचा, शिवी त्याची, आवाज बाकी सगळ्यांनी ऐकलेला. त्याला सात वर्षं.

काल सुटला. आता सरकवा पडदा. समोर बाकावर कोणी आहे? निळा शर्ट ना? सकाळपासून आहे. हातात काही दिसतंय? माझी नजर पोचत नाही तेवढी. काहीच नाही? नीट बघा. — रिकामे हात. हं.

खरं सांगू? तुमचा फोन आला तेव्हा मला काही विकायचं नव्हतं. घरात परकं माणूस असलं तर तो वर येणार नाही, म्हणून या म्हटलं. पहिल्यापासून तसाच आहे तो, बायामाणसांसमोर आवाजसुद्धा चढवत नाही. तुम्हाला बसवून ठेवलं मी. संध्याकाळपर्यंत ठेवलं असतं.

उठा. रेडिओ न्या हा, चांगला आहे — नको? बरोबर आहे, माझ्याकडचा नकोच. दुकानातून नवा घ्या. तुमची यादी राहिली टेबलावर. आणि खाली गेल्यावर त्याच्याशी काही बोलू नका. — नाही, थांबा. बोला. सांगा, सरांनी वर बोलावलंय. सर नको, म्हाताऱ्याने म्हणा. आणि सांगा, घरात दुसरं कोणी नाही.

माझ्याकडे बघत काय उभ्या राहताय? जा म्हटलं ना. जा.