डावा अंगठा

(फॉर्म भरून देणाऱ्या बाईंचं दुकान. एक कॉम्प्युटर, दोन स्टुलं.)

नात: शी! तुम्ही त्यात थुंकलात?

बाई: पॅड सुकलाय. शाई ओली नको का व्हायला? चल, डावा अंगठा.

नात: आजी, त्यात केस पण आहे. कोणाचा तरी.

आजी: तुझाच समज. काय हो बाई, बारावीपर्यंत शिकवली हिला, आणि डॉक्टरीच्या परीक्षेला अंगठा? मी एवढी म्हातारी, मी सही करते!

बाई: सही झाली, फोटो झाला, अंगठा तेवढा राहिलाय. सहाला साइट बंद. मग यायचं पुढच्या वर्षी.

आजी: पुढचं वर्ष कुठलं! हिचा बाप टपून बसलाय. फॉर्म राहिला की बँकेच्या क्लासला घालणार. म्हणतो, ही डॉक्टर झाली तर पेशंट फोनवरच तपासेल.

नात: मला डॉक्टरच व्हायचंय! पण थुंकी आहे गं त्यात. मला उलटी होईल.

आजी: तुझ्या पणजोबांच्या कानातून डॉक्टरांनी एवढा मळ काढला, एवढा, की त्याच्या दोन मेणबत्त्या झाल्या.

नात: शी, आजी!

बाई: अग बाई! वास?

आजी: वास कसला? उलट मेणबत्ती पेटवली की पणजोबांना पलीकडच्या गल्लीतलं ऐकू यायचं.

बाई: अहो, साइट बंद होईल!

आजी: आणा तो कागद इकडे. हा घ्या अंगठा. कोण बघतंय!

नात: आजी! परीक्षेला दारातच अंगठा जुळवतात. तू जाणारेस पेपर द्यायला?

आजी: जाईन की. गोलच तर रंगवायचेत.

नात: थांब. हात बघू. हे काय?

आजी: शाई.

नात: शाई पिवळी असते? नखाच्या कडेला पू झालाय!

आजी: साप चावला होता. तोच मेला बिचारा.

नात: आजी.

आजी: नख काढताना लागलं. आठवडा झाला असेल. तुला दाखवलं असतं तर नाकाला रुमाल लावून पळाली असतीस.

नात: आणि हा तू त्या घाणीत बुडवलास? बाई, पाणी द्या. प्यायचं द्या, स्वच्छ.

बाई: अगं, तुझा पांढरा रुमाल...

नात: असू दे. आजी, इथे दाबलं की ठणकतं?

आजी: आई गं! हळू!

नात: मनगटापर्यंत कळ जाते? नाही ना? तरी इथून सरळ दवाखान्यात. गोष्टी सांगायच्या नाहीत तिथे.

बाई: पोरी, फॉर्म गं!

नात: सरकवा पॅड. तो नको, हा कोपरा. आजीचा लागला नाही तिथला. आजी, रुमाल दाबून धर, सोडू नकोस.

बाई: हां, छान उमटला. झालं, गेला फॉर्म.

आजी: अगं, तुझं शी म्हणायचं राहिलं.